चांदण्यांची चौकट

कारखान्यातल्या कॉम्प्युटरच्या खोलीत चपला बाहेर काढून जावे लागे. त्यामुळे आत देवळासारखा काहीतरी कारभार चालतो, असा कामगारांचा समज होता. आत आम्ही नेमके काय करतो हे पहिले काही महिने मलाही सांगता आले नसते. मी वैनगंगेकाठच्या पवनीची. बी.एस्सी.ला गणित घेतले होते, टायपिंगची परीक्षा दिली होती, आणि एवढ्या भांडवलावर मला भंडाऱ्याजवळच्या शहापूरच्या पुढे हायवेवर असलेल्या त्या कारखान्यात घेतले. ऐंशीनंतरची ती वर्षे. जवाहरनगरच्या सरकारी कारखान्याच्या बसगाड्या भरभरून आमच्या फाटकावरून जायच्या. आमचा कारखाना खाजगी, बेताचा, आणि त्याचे मुख्य कार्यालय मुंबईत. कॉम्प्युटर मात्र आमच्याकडे आला होता, आणि त्याचे प्रोग्राम लिहिणारे आम्ही दोघेच होतो, मी आणि भाऊ.

भाऊ म्हणजे माझे वरिष्ठ. पंचेचाळिशीचे असतील. त्यांच्या वडिलांनी नागपूरला जाऊन दीक्षा घेतली तेव्हा ते शाळेत होते. मॅट्रिक होऊन कारखान्याच्या टाइम ऑफिसात कारकून म्हणून लागले, आणि कॉम्प्युटर येणार म्हटल्यावर कंपनीने त्यांना कोबोल ही कॉम्प्युटरची भाषा शिकायला पाठवले. सगळा कारखाना त्यांना भाऊच म्हणायचा. मीही म्हणू लागले. ते मला बाई म्हणत.

कोबोल लिहायचा तो छापील चौकड्यांच्या कागदावर. एका ओळीत ऐंशी घरे, आणि कोणत्या घरात काय यावे याचे नियम. सातव्या घरात फुली-चांदणीचे ते चिन्ह टाकले की ती अख्खी ओळ मशीन सोडून देते. आम्ही त्या चिन्हाला चांदणी म्हणायचो. चांदणीपुढे लिहायचे ते फक्त माणसांसाठी, म्हणजे पुढे कोणी प्रोग्राम उघडला तर त्याला कळावे म्हणून.

या ओळी कशा लिहायच्या याबद्दल त्या वेळी वरून कोणाचाच हुकूम नव्हता. भाऊंनी आपली रीत ठरवली होती. प्रोग्रामच्या प्रत्येक तुकड्यावर चांदणीच्या दोन ओळी. पहिलीत ‘काय’ आणि दुसरीत ‘काहून’, म्हणजे का. मशीनला इंग्रजीची मोठी अक्षरे तेवढी ठाऊक, म्हणून अक्षरे इंग्रजी, पण भाषा आमची. के, ए, एच, यू, एन. आधी मला हसू आले.

‘‘भाऊ, इंग्रजीत लिहू का? मला येतं.’’

‘‘तुले येते. तुझ्यामागून जो येईन त्याले येते का नाई, कोणाले माहीत? आन् मशीन तर वाचतच नाही हे. मंग इंग्रजी कोणासाठी लिहून राहिली तू?’’

एकदा मी एका तुकड्यावर लिहिले, काहून : साहेबांनी सांगितले म्हणून. भाऊंनी पेन्सिलने ती ओळ खोडली. ‘‘साहेबानं सांगतलं, हे ‘कोनं’ झालं. काहून सांगतलं ते विचारून ये.’’ मी चपला घालून कारखान्याच्या मॅनेजरसाहेबांकडे गेले आणि विचारले. साहेबांनी माझ्याकडे असे पाहिले की मी दारातच उभी राहिले. पण मग खुर्चीत मागे रेलून त्यांनी थोडा विचार केला आणि खरेच कारण सांगितले. ते मी लिहिले. त्यानंतर मला त्या दुसऱ्या ओळीची गोडी लागली. तुकडा काय करतो हे कोडवरून मेहनत करून काढता येते. का करतो, हे तिथे कुठेच नसते.

मग एका हिवाळ्यात मुख्य कार्यालयाचे परिपत्रक आले. कंपनीच्या सगळ्या कारखान्यांतले प्रोग्राम यापुढे एकाच नमुन्याचे असतील. प्रत्येक तुकड्यावर चांदण्यांची चौकट असेल, वर एक पूर्ण ओळ चांदण्यांची, खाली एक, आणि मधल्या प्रत्येक ओळीच्या दोन्ही टोकांना एकेक. आत ठरलेल्या क्रमाने इंग्रजीत नाव, तारीख, पर्पज, इनपुट, आउटपुट. पर्पज एका ओळीत. दुसरी कोणतीही भाषा चालणार नाही. उन्हाळा संपेपर्यंत जुने प्रोग्रामही या नमुन्यात आणायचे.

भाऊंनी तो कागद दोनदा वाचला.

‘‘आपलं ‘काहून’ कुठं लिहाचं याच्यात?’’

‘‘पर्पजमध्ये बसेल की, भाऊ.’’

‘‘पर्पज म्हणजे ‘काय’ झालं. ‘काहून’ नाई झालं.’’ मग चष्मा पुसून म्हणाले, ‘‘आता हुकूम हाये तं हाये. चाल.’’

आम्ही लागलो कामाला. उजवीकडची चांदणी हा नुसता ताप होता. आतले एक अक्षर वाढले की ती एक घर पुढे सरकायची, आणि छापील कागदावर चौकटीला पोट सुटल्यासारखे दिसायचे. भाऊंच्या जुन्या ओळी मी एकेक पुसत होते. काहींचे इंग्रजी होत होते, काहींचे होत नव्हते. ‘पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी कोणी येत नाही म्हणून’ हे मी फार खटपट करून एका ओळीत बसवले, तेव्हा भाऊ टेबलावर थाप मारून हसले.

पाळीपत्रकाचा प्रोग्राम त्यांनी स्वतःकडे ठेवला होता. कोणत्या कामगाराने कोणत्या आठवड्यात कोणत्या पाळीला यायचे, ते तो प्रोग्राम छापून द्यायचा. टाइम ऑफिसात असताना हे पत्रक भाऊ हाताने करत, त्यामुळे त्यातली सगळी गुंतागुंत त्यांच्या डोक्यात होती. ‘‘हे मी करतो,’’ म्हणाले. ‘‘तू बाकीचं पाय.’’

मार्चमध्ये एका सकाळी शहापूरच्या घरी नळावर तोंड धुताना त्यांना लकवा मारला. आधी भंडाऱ्याला, तिथून नागपूरला नेले. जीव वाचला. महिन्याभराने घरी आणले तेव्हा उजवे अंग गेले होते आणि बोलणे गेले होते. एकच शब्द राहिला होता, ‘हाव’. आमच्याकडे होकार द्यायचा तो हाव.

इकडे खोलीत मी एकटी. मी पाळीपत्रकाचा प्रोग्राम उघडला. भाऊंनी बहुतेक काम केले होते. चौकटी सुबक, उजवीकडच्या चांदण्या दोरी लावल्यासारख्या सरळ. एकाच तुकड्यावर चौकट होती, नाव होते, इनपुट आउटपुट होते, आणि पर्पजपुढची जागा रिकामी होती. जुन्या दोन ओळी त्यांनी आधीच पुसल्या होत्या. मी जुने छापील कागद काढून पाहिले. त्या तुकड्यावर ‘काय’ लिहिले होते : यांना दुसरी पाळी द्यायची नाही. ‘काहून’ तिथेही कोरे होते. दुसऱ्याला साहेबांकडे पिटाळणाऱ्या माणसाने स्वतःची ओळ कोरी ठेवली होती.

दुसरी पाळी रात्री उशिरा सुटायची. त्या तुकड्यात काही कामगारांचे हजेरीचे टिकिट नंबर होते, आणि पावसाळ्यापासून दिवाळीपर्यंत त्यांना दुसरी पाळी लागू नये अशी सोय होती. एक नंबर मात्र वेगळा होता. त्याला महिन्यांची अट नव्हती. त्याला बारा महिने दुसरी पाळी नव्हती, तिसरीही नव्हती.

मी जेवणाच्या सुटीत त्या कामगारांना गाठले. बहुतेक जण वैनगंगेच्या पलीकडच्या गावांचे निघाले. ‘‘पावसाळ्यात अंधार पडला का डोंगा बंद होते, बाई,’’ एकाने सांगितले. ‘‘मंग घरी कसं जाव?’’ मी नदीकाठचीच, अंधारात नाव चालत नाही हे मला लगेच पटले. पण दोघे म्हणाले की आमच्या गावाला तर पूल आहे, आम्हांला बहुतेक धानाच्या रोवणीसाठी दिले असेल, दुपारपर्यंत चिखलात राबून मग कोण पाळी करणार. त्या वेगळ्या नंबरचा माणूस शहापुरातच राहणारा होता, सायकलने यायचा. उंच, शांत, तिशीचा. मी त्याला विचारले तेव्हा त्याच्या हातातला डबा तसाच राहिला.

‘‘मले काय माहीत, बाई. भाऊले विचारा.’’

‘‘भाऊंना बोलता येत नाही ना आता.’’

‘‘खरं हाये,’’ तो म्हणाला, आणि डबा बंद करून उठून गेला.

त्या रविवारी मी भाऊंच्या घरी गेले. वहिनींना बरे वाटले. माणसे येऊन गेली की ते जरा तरतरीत होतात, म्हणाल्या. समोरच्या भिंतीवर बुद्धाची तसबीर होती आणि तिच्याखाली खाटेवर भाऊ उशीला टेकून बसले होते. दाढी केली होती, एका गालावर थोडी राहून गेली होती. मला पाहून डावा हात उचलला.

मी कारखान्याच्या चार गोष्टी सांगितल्या. मग पिशवीतून छापील कागद काढला आणि त्यांच्या मांडीवर पसरला. त्यांनी बोटाने तो तुकडा दाखवला. मी विचारायच्या आधीच. म्हणजे त्यांना कळत होते.

‘‘भाऊ, हे नदीसाठी आहे का? डोंगा बंद होतो म्हणून?’’

‘‘हाव.’’

‘‘आणि ते दोघं? त्यांना रोवणीसाठी?’’

‘‘हाव.’’

मला आनंद झाला. मग वहिनी हळूच म्हणाल्या, ‘‘बाई, त्याहिचं सगळ्याले हावच असते. पानी पायजे का म्हटलं तं हाव, नोको का म्हटलं तंही हाव.’’

मी उलटे विचारून पाहिले. ‘‘भाऊ, नदीसाठी नाही ना हे?’’

‘‘हाव,’’ भाऊ म्हणाले, आणि लगेच त्यांचा चेहरा आवळला. आपल्या तोंडून चुकीचा शब्द गेला हे त्यांना समजले होते. त्यांनी पुन्हा जोर केला. गळ्याच्या शिरा ताणल्या. ‘‘हाव. हाव.’’ डाव्या मुठीने त्यांनी खाटेची माच ठोकली. मी मान हलवायला सांगितले, पण मानही त्या शब्दाबरोबरच हलायची.

शेवटी मी त्या शहापूरच्या माणसाच्या नंबरावर बोट ठेवले. ‘‘हा एक बारा महिने काहून, भाऊ?’’

भाऊ बराच वेळ त्या नंबराकडे पाहत राहिले. मग डावा हात उचलून त्यांनी आपल्या दोन्ही डोळ्यांवर आडवा धरला, आणि तसाच धरून ठेवला. मला वाटले, रडत आहेत. वहिनींनाही तेच वाटले. त्यांनी मांडीवरून कागद उचलून माझ्या हातात दिला. ‘‘थकले आता. राहू द्या.’’ त्यांनी हात बाजूला करायला लावला तेव्हा डोळे कोरडे होते. भाऊ माझ्याकडे असे पाहत होते, जसे आपण उत्तर सांगितल्यावर समोरच्याकडे पाहतो. हे मला आता कळते. त्या दिवशी मी वहिनींच्या हातचा कोरा चहा घेतला आणि निघाले.

मेमध्ये मुख्य कार्यालयातून एक तरुण तपासणीस आला. स्वभावाने अगदी सरळ. चपला बाहेर काढल्या, नागपूरच्या उन्हाबद्दल चार शब्द बोलला, आणि पारदर्शक पट्टी काढून कागदावरच्या चौकटी मोजायला बसला. चांदण्या सरळ होत्या. तो खूश झाला.

पाळीपत्रकाच्या त्या चौकटीत पर्पजपुढे मी इंग्रजीत लिहिले होते, नदीपलीकडच्या व इतर काही कामगारांना दुसरी पाळी नाही.

‘‘मॅडम, ‘इतर काही’ म्हणजे कोण?’’

मी सांगितले. दोघे रोवणीचे असावेत, आणि एकाचे कारण ठाऊक नाही.

‘‘ठाऊक नाही असं कसं चालेल? मग लिहिलं कोणी हे?’’

मी भाऊंचे सांगितले. खरेच वाईट वाटले त्याला. मग पट्टी खाली ठेवून म्हणाला, ‘‘हे बघा, नियम असा आहे की पर्पज एका ओळीत आणि पूर्ण असला पाहिजे. ज्याचा पर्पज लिहिता येत नाही तो तुकडा प्रोग्राममध्ये ठेवता येत नाही. शिवाय नदीची सवलत कंपनीच्या पाळीच्या नियमांत कुठे आहे? मला तर सापडली नाही.’’

‘‘ती भाऊंच्या डोक्यात होती. आधी ते हाताने करायचे तेव्हापासून.’’

‘‘मॅडम, मी फक्त तपासणीस आहे. मी काय करू?’’

मी साहेबांकडे गेले. साहेबांनी ऐकून घेतले. नदीपलीकडच्या लोकांनी अर्ज करावा, आपण वर पाठवू, म्हणाले. अर्ज गेले. उत्तर यायच्या आधी पाऊस आला, आणि त्याच्याही आधी तो तुकडा प्रोग्राममधून निघाला होता. तपासणीसाने माझ्या शेजारी उभे राहून तो माझ्याकडून काढून घेतला आणि नवा कागद छापून फाइलला लावला. चौकटीसकट गेला. चौकट ठेवायला खाली काहीच उरले नव्हते.

जुलैत पाळीपत्रकावर नदीपलीकडच्या लोकांची नावे दुसऱ्या पाळीत आली. ते आमच्या खिडकीशी यायचे. काच बंद असायची, एसीसाठी. मी बाहेर जाऊन चपला घालून त्यांच्याशी बोलायची.

‘‘बाई, मशीनले सांगा न, आमी नदीपल्याडचे हाओत म्हणून.’’

‘‘मला सांगता येत नाही हो. वरून परवानगी लागते.’’

‘‘भाऊच्या टायमाले तं नव्हतं असं.’’

पाळी सुटल्यावर ते सायकल स्टँडच्या पत्र्याखाली झोपत. पहाटे पहिल्या डोंग्याने घरी, आणि दुपारी पुन्हा हजर. एकाने नोकरी सोडली. बाकीच्यांनी आपसांत पाळ्या बदलून कसेतरी निभावले. मुकादम त्याकडे काणाडोळा करायचा, नाहीतर तेही जमले नसते.

शहापूरचा तो उंच माणूस मात्र काही बोलायला आला नाही. दुसरी पाळी लागली तसा दुसऱ्या पाळीला आला. पहिल्याच आठवड्यात घरी जाताना त्याची सायकल हायवेच्या कडेला नाल्यात गेली. मांडीचे हाड मोडले. सगळे म्हणाले, ट्रकवाल्याने दाबले असेल. महिन्याभराने त्याचा धाकटा भाऊ राजीनामा घेऊन आला. राजीनामे आमच्या खोलीत यायचे, नंबर काढून टाकण्यासाठी. मी त्याला म्हटले, हाड तर जुळून येईल, मग राजीनामा कशाला?

तो इकडेतिकडे पाहून म्हणाला, ‘‘त्याले दिवस बुडाला का दिसत नाही, बाई. लहानपणापासून. दिवसा काही तरास नाही. तुमच्या भाऊले माहीत होतं. दुसऱ्या कोणाले सांगता येत नव्हतं, काढून टाकलं असतं न.’’

मी त्याच्यासमोर सही केली. तो गेला. डोळ्यांवर आडवा धरलेला तो हात मला दिसत होता. भाऊंनी मला सांगितले होते. त्यांच्याकडे उरलेल्या एका हाताने जेवढे सांगता येईल तेवढे त्यांनी सांगितले होते. आणि समजा मला तेव्हा कळले असते, तरी मी ते त्या चौकटीत काय म्हणून लिहिले असते? खरे लिहिले असते तर पट्टी घेऊन बसलेल्या माणसाने ते वाचले असते, आणि त्या कामगाराची नोकरी तशीही गेली असती. म्हणूनच भाऊंनी ती ओळ कोरी ठेवली होती. यातून वाट कशी काढावी, हे त्यांनाही सुचले नसावे.

मी भाऊंना हे सांगायला गेले नाही. वहिनींकडून खबर मिळायची. वर्षभरात वैद्यकीय कारणावरून त्यांना निवृत्त केले आणि घरचे सामान घेऊन ती दोघे पवनीकडच्या आपल्या गावी राहायला गेली.

त्यानंतर त्यांना मी एकदाच पाहिले. लग्नानंतर माहेरी गेले होते, पवनीच्या बाजारात भाजी घेत होते. रस्त्याच्या कडेला एक बैलबंडी उभी होती आणि तिच्यात धानाच्या तणसावर चादर टाकून भाऊ बसले होते. वहिनी बांगड्यांच्या दुकानात गेल्या होत्या. मी जवळ गेले. त्यांनी लगेच ओळखले. डाव्या हाताने माझे मनगट धरले आणि बोलू लागले.

आता एकटा ‘हाव’ नव्हता. खूप काही होते, पण त्यात शब्द नव्हते. आवाज वर जायचा, खाली यायचा, मध्येच थांबायचा, पुन्हा निघायचा. भाऊ एखादी गोष्ट पहिल्यापासून समजावून सांगत तेव्हा असेच सांगत. मध्ये एकदा त्यांनी प्रश्न विचारला, हे मला चढलेल्या सुरावरून कळले, आणि ते उत्तरासाठी थांबले. हाव म्हणावे की नाही म्हणावे, मला ठरवता येईना. त्यांनी थोडी वाट पाहिली आणि पुढे सांगू लागले.

वहिनी आल्या. म्हणाल्या, ‘‘आजकाल असेच बोलतात. मले काही समजत नाही. तुमाले समजते का?’’

‘‘नाही, वहिनी.’’

‘‘तुमच्यासंग लय बोलून राहिले पण.’’ त्या बंडीत चढल्या, भाऊंच्या अंगाखालची चादर नीट केली. गाडीवाल्याने बैल हाकले. भाऊंनी माझे मनगट सोडले नव्हते, म्हणून मी चार पावले बंडीबरोबर चालत गेले. मग वहिनींनीच त्यांची बोटे एकेक करून सोडवली.